पगारे बाईंचे पाहुणे

पगारे बाईंना कोणी मॅडम म्हटलं की त्या मागे वळून बघतात, जणू मागे दुसरंच कोणी उभं आहे. "मॅडम पार्लरमध्ये असतात," त्या म्हणतात, "शाळेत बाई असतात." आमच्या सिडकोतल्या मराठी प्राथमिक शाळेत त्या तिसरीला शिकवतात आणि माझी हर्षाली त्यांच्या वर्गात आहे. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर पदराला घट्ट पिन आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी फक्त दागिना म्हणून. वाजवायची गरज त्यांना कधी पडलेली नाही. त्यांचे वडील अंबडला लेथवर होते. दिवसभर मशीनच्या आवाजावर बोलणारा माणूस घरी येऊनही ओरडूनच मीठ मागतो. बाई त्या घरात वाढल्या.

त्यांची पहिली नोकरी पेठच्या डोंगरात, एका पाड्यावर. दिवाळी झाली की अर्धी शाळा आईबापांबरोबर द्राक्षाच्या बागांत कामाला जायची. रिकाम्या वर्गात बसून राहायला बाईंचा पिंड नाही. त्या सुट्टीच्या दिवशी एसटीने पिंपळगावच्या बाजूला यायच्या आणि बागा धुंडाळून मुलं परत न्यायच्या. एकदा एका बागायतदाराने त्यांना मजूर समजून द्राक्षाच्या घडातले जादा मणी विरळायची कात्री हातात दिली. बाईंनी दुपारपर्यंत मणी विरळले, त्याच्याकडचं पिठलं-भाकर खाल्लं आणि मग ओळख दिली. संध्याकाळी त्याच्याच जीपमध्ये मुलं घालून पाड्यावर पोचवली. "घरी जाऊन बसल्याशिवाय मूल मिळत नाही," असं त्या अजून सांगतात. ऐकायला हे अपहरणकर्त्याचं बोलणं वाटतं, पण त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र त्या वाक्यात आहे.

आमच्या भागातली मुलं द्राक्षबागेत जात नाहीत. ती रस्त्यापलीकडच्या इंग्रजी शाळेत जातात, पिवळ्या बसमधून. रस्ता चालत ओलांडता येतो, पण बस नसेल तर शाळा कशी म्हणायची? दर जूनला पाचसहा घरं तिकडे सरकतात. यंदा आमच्या पहिलीत इतकी कमी मुलं आली की हजेरी घ्यायला पहिलीच्या बाईंना वर्गात जावंच लागत नव्हतं, व्हरांड्यातूनच नजर टाकली की पुरे.

तिकडे सरकणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते. मी बी.कॉम. आहे, मराठी माध्यमातली. इंग्रजीत बोलणाऱ्या कोणाचा फोन आला की "नेटवर्क नाही" असं मराठीत सांगून ठेवून देते. हर्षालीचं असं होऊ नये म्हणून मी ठरवलं होतं की चौथीला तिला तिकडे घालायचं. खालच्या मजल्यावरच्या राखीने मला पटवलं होतं. तिची चैताली तिकडेच तिसरीत आहे आणि पडली तरी "इट्स ओके" म्हणते. आमची पडली की "आई गं" म्हणते. माझ्या नवऱ्याला, दिनेशला, हे कारण पुरेसं वाटलं नाही. पण तो कंपनीतून आला की त्याला कोणतंच कारण पुरेसं वाटत नाही. हर्षालीला मी सांगून ठेवलं होतं, "पुढच्या वर्षी तू या शाळेची नाहीस. पण कोणाला बोलू नकोस."

फेब्रुवारीत शाळेत उपक्रम सप्ताह जाहीर झाला. दरवर्षी असतो, पण या वेळी शनिवारच्या बक्षीस समारंभाला संस्थेचे अध्यक्ष जयराम अण्णा येणार होते. अण्णा पिंपळगावचे, द्राक्षाचे मोठे व्यापारी. संस्था त्यांना वडिलांकडून मिळाली, कोल्ड स्टोरेजसारखीच. ते शाळा बघून ठरवणार होते की जूनमध्ये पहिलीचा वर्ग उघडायचा की हळूहळू सगळंच बंद करून इमारत भाड्याने द्यायची. हे मुख्याध्यापक संतोष सरांनी पालकसभेत इतक्या हळू सांगितलं की मागच्या ओळीत कोणाला कळलंच नाही. मग बाई उठल्या आणि सिडकोभर कळलं.

सोमवारी मैदानावर पोत्याची शर्यत होती. मैदान मोठं आणि मुलं मूठभर. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की कोणीतरी पोती वाळत टाकली आहेत आणि त्यातली काही वाऱ्याने हलताहेत. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"असं अण्णांना दाखवायचं?" त्या संतोष सरांना म्हणाल्या.

"आहेत तेवढीच आहेत बाई."

"सर, घरात माणसं कमी असली की आपण कार्य करत नाही का? पाहुणे बोलावतो."

आणि त्यांनी मुलांना सांगितलं की उद्यापासून प्रत्येकाने एक पाहुणा आणायचा. भाऊ, बहीण, शेजारी, कोणीही चालेल. शाळा कोणती हे विचारायचं नाही. पोत्याची शर्यतसुद्धा उद्या पुन्हा. सगळे कार्यक्रम संध्याकाळी, म्हणजे बाकीच्या शाळा सुटल्यावर. आणि पाहुण्यालाही स्पर्धेत घ्यायचं. "जेवायला बोलावून नुसतं बघत बसवायचं का त्याला?"

संतोष सर म्हणाले, "नियमात बसतं का?" बाई म्हणाल्या, "बसवू." सरांचे बाईंशी होणारे सगळे वाद इथेच संपतात.

दुसऱ्या दिवशी आमची हर्षाली चैतालीला घेऊन गेली. मी मागोमाग गेले, कारण मैदानाच्या कडेला गटाराचं एक उघडं चेंबर आहे आणि मला ते दिवसभर डोळ्यांसमोर दिसत होतं. बघते तर पोत्याच्या शर्यतीला आणि पाढ्यांच्या स्पर्धेला गर्दी. कोणी आतेभाऊ आणला होता, कोणी अख्खा मजला. बुधवारी मातीकाम होतं, तेव्हा पिवळ्या बसवाल्या शाळेचा गणवेश आमच्या गणवेशापेक्षा जास्त दिसू लागला. त्या गणवेशाला टाय असतो. सगळे टाय मातीने माखले. गुरुवारी बिनविस्तवाचा स्वयंपाक होता. एका पाहुण्या मुलाने काकडी कापण्याऐवजी पूर्ण सोलून तिचा माईक केला आणि भाषण दिलं. दुसऱ्याने भेळेत श्रीखंड घातलं. परीक्षक म्हणून बाईंनी ती भेळ खाल्ली, चघळली, गिळली आणि गंभीरपणे म्हणाल्या, "धाडसी." त्या आठवड्यात मी एवढा वेळ शाळेत घालवला की दिनेश म्हणाला, "तूच घे पहिलीत प्रवेश, पट वाढेल."

घोळ कुठे झाला, तो शुक्रवारी दुपारी निकाल लावताना लक्षात आला. पाहुण्यांना स्पर्धेत घेतलं म्हणजे पाहुणे जिंकणारसुद्धा, हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोती, माती, काकडी, सगळीकडे त्यांचीच नावं. चैताली तर तीन ठिकाणी पहिली. त्यातलं पाढ्यांचं बक्षीस मला अजून पटलेलं नाही. तिने पाढे इंग्रजीत म्हटले. परीक्षक संतोष सर होते. सेव्हन एट्‌स म्हटल्यावर ते बोटांवर मोजत मागे पडले. ते मोजून परत येईपर्यंत ती नऊच्या पाढ्यात होती. इंग्रजीत एवढ्या वेगाने म्हणतेय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून त्यांनी तिला पहिला नंबर दिला. आमची हर्षाली सगळ्यात खालून दुसरी आली. तिच्या खालचा मुलगा गोवर झाल्याने आलेला नव्हता.

आम्ही आयांनी बाईंना घेरलं.

"बाई, आपल्या मुलांना एकही बक्षीस नाही?"

"आहे ना. आपल्या कोशिंबिरीला आहे."

"ते उत्तेजनार्थ आहे!"

"मग उत्तेजित व्हा."

"नावं बदला की सरळ. अण्णांना काय कळणार?"

बाईंनी चष्मा काढला. "ज्याने पोत्यात उड्या मारल्या त्याचं बक्षीस दुसऱ्याला देऊ? मग सोमवारपासून वर्गात काय शिकवू मी? ते तुम्ही येऊन शिकवा." मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, "आणि अण्णांना मुलं दिसली पाहिजेत. कपाळावर शाळेचं नाव लिहिलेलं नसतं. उद्या सगळ्यांनी साध्या कपड्यांत यायचं, म्हणजे झालं."

खरेपणाची आणि लबाडीची अशी वाटणी मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेली नाही. निकालात फेरफार नाही म्हणजे नाही. पण गर्दी उसनी चालते.

शनिवारी अण्णा आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बरोबर द्राक्षाच्या दोन पेट्या मुलांना वाटायला. गच्च भरलेलं मैदान बघून ते दारातच थांबले.

"बाई, पोरं तर लय हायेत की! मला सांगितलं होतं शाळा ओस पडली."

"लोक काहीही सांगतात अण्णा," बाई म्हणाल्या.

बक्षिसं सुरू झाली. मी दुसऱ्या ओळीत होते. हर्षाली खाली सतरंजीवर मुलांत बसली होती आणि मान वळवून माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदा चैतालीचं नाव आलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्यांदा आलं, तेव्हा अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिसऱ्यांदा आलं तेव्हा ते हसले आणि माईक तिच्यापुढे धरला.

"पोरी, सगळी बक्षिसं तूच नेतीस व्हय? कितवीत हायेस?"

"थर्ड ए."

"आपल्या शाळेत ए, बी कधीपासनं निघालं?"

संतोष सरांना ठसका लागला. चैतालीला खोटं बोलायला कोणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ती खोटं बोलली नाही. "मी इथली नाहीये," ती स्वच्छ माईकमध्ये म्हणाली, "मी गेस्ट आहे."

अण्णांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी आकाशाकडे बघितलं. अण्णा व्यापारी माणूस. पेटीत वरचा थर कसा लावतात हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांनी माईक स्वतःकडे घेतला. "बरं. जी पोरं ह्या शाळेची नायेत, त्यांनी हात वर करा बघू."

आमच्याकडची मुलं आज्ञाधारक असतात, पाहुणी त्याहून जास्त. अर्ध्याहून अधिक मैदानाने हात वर केले. आणि त्या हातांत एक हात हर्षालीचा होता.

तिने आधी माझ्याकडे बघितलं होतं. मग विचार करून, सांगितलेलं आठवून, हळूच वर केला होता. मी डोळ्यांनी तिला खाली, खाली म्हणून सांगत होते. तिला वाटलं मी म्हणतेय अजून वर. तिने दुसऱ्या हाताने कोपर धरून तो आणखी ताणला.

बाईंनी मैदानावरून नजर फिरवली. ती नजर हर्षालीवर आली आणि थांबली. मग ती सरळ माझ्यावर आली. मला आजवर कोणत्याच मास्तरांनी मारलेलं नाही, पण तेव्हा मारल्यासारखं झालं.

अण्णा हसायला लागले. मोठ्याने, पोट धरून. "बाई, आमच्या पॅकहाउसला बी हेच चालतं. आपल्या बागेत माल कमी पडला की शेजारच्याचा आणायचा आन पेटी आपली लावायची."

"हो अण्णा," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात माईक नव्हता, पण शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं. "फरक एवढाच, की तुमचा शेजारचा माल टेम्पोत घालून आणावा लागतो. माझा आपल्या पायांनी आला. आठवडाभर रोज आला. आणि त्यातला एकही मी सांगितलं म्हणून नाही आला, त्यांच्या मित्रांनी बोलावलं म्हणून आला."

"पण माल शेजारचाच ना?"

"आज शेजारचा."

अण्णांनी हनुवटी खाजवली. मला वाटलं आता संपलं. संतोष सरांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी अण्णांसाठी आणलेल्या शालीची घडी उलगडून पुन्हा घातली. "असं करू," अण्णा म्हणाले. "पाडव्यापासनं जूनपर्यंत वेळ घ्या. पहिलीचा वर्ग खऱ्या पोरांनी भरला तर शाळा चालू. नाय भरला तर पुढल्या साली ह्या मैदानावर गाड्या लागतील. आन बाई, जूनमध्ये मी स्वतः येऊन हात वर करायला सांगणार." मग ते चैतालीकडे वळले. "तुझं बक्षीस तुलाच, घे. पोतं तर तुझंच होतं."

कार्यक्रम संपल्यावर मी हर्षालीचा हात धरून फाटकाकडे निघाले, भराभर, कोणी हाक मारायच्या आत. पण सिडकोत असणं म्हणजे बाईंच्या हाकेच्या अंतरात असणं.

"हर्षालीची आई!"

थांबले. बोलायची वाक्यं तयार केली. इंग्रजी, पुढचं शिक्षण, स्पर्धेचं युग, दिनेशचा आग्रह. दिनेशचा आग्रह नव्हता, पण तो तिथे नव्हता म्हणून त्याच्यावर घालणं सोपं होतं.

बाईंनी एकही वाक्य मागितलं नाही. हर्षालीला म्हणाल्या, "हात छान सरळ धरला होतास. वर्गात उत्तर देताना असाच धर." ती लाजून फाटकाबाहेर पळाली. मग मला म्हणाल्या, "पाडव्यानंतर रविवारी सकाळी काय करता?"

"काही विशेष नाही."

"मग चला माझ्याबरोबर. घरं फिरायची आहेत. मला बघून लोक दार लावून घेतात, पुस्तकं विकायला आलेय असं वाटतं त्यांना. तुमचा चेहरा कामाचा आहे."

"माझा चेहरा?"

"सतत काहीतरी बिघडलंय असा असतो. लोक लगेच दार उघडतात, काय झालं म्हणून."

नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. त्यांनी मला हर्षालीबद्दल विचारलं असतं तर मी भांडले असते. त्यांनी विचारलंच नाही, म्हणून मी गेले.

पाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही फिरलो. बाईंची एक पद्धत आहे. त्या शाळेचं कौतुक करत नाहीत. घरात शिरल्या की आधी पाणी मागतात. पाणी आणायला घरातली बाई आत गेली की लहान मूल कुठे आहे ते बघतात आणि त्याच्याशी खाली बसून भांडायला लागतात. "ही गाडी तुझी? खोटं बोलतोस, माझी आहे." आई पाणी घेऊन येईपर्यंत मूल त्यांच्या मांडीवर असतं. मग आईला ते मूल बाईंकडून काढून घ्यायची कामगिरी उरते, आणि ती कोणालाच लवकर जमत नाही.

एका घरात त्यांनी असा मुलगा मांडीवर घेतला असताना त्याचे वडील म्हणाले, "बघतो, विचार करतो." जिन्यात बाईंनी मला अर्थ सांगितला. "'विचार करतो' म्हणजे नाही. 'हिला विचारतो' म्हणजे हो. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणजे डिपॉझिट भरून झालंय."

मग आम्ही आमच्याच इमारतीत आलो, आणि मला कळायच्या आत बाईंनी राखीची बेल दाबली. राखीला चैतालीच्या पाठचा अमित आहे, यंदा पहिलीत जायचा. मी जिन्यावर एक पायरी मागे सरकले.

राखीने दार उघडलं. बाईंना बघून हसली, मला बघून गोंधळली.

"अय्या, तुम्ही यांच्याबरोबर? का हो?"

"सोबत म्हणून," मी म्हटलं.

बाई पाणी मागून आत गेल्या आणि अमितच्या गाडीवर हक्क सांगू लागल्या. राखी त्यांना पाणी देऊन माझ्याजवळ दारात येऊन उभी राहिली. आवाज तिने हळू केला नाही. तिला हळू करायचं कारण नव्हतं, गुपित माझं होतं.

"तुम्ही तर हर्षालीला आमच्याकडे घालणार होतात ना चौथीला? मी तिथल्या मॅडमशी बोलूनसुद्धा ठेवलंय. आणि आता माझ्या अमितला मराठीत घाला म्हणून तुम्हीच आलात?"

आत गाडीचं भांडण थांबलं. अमित म्हणत होता, "दे ना." बाई गाडीची चाकं फिरवून बघत होत्या, पाठ आमच्याकडे करून. चष्म्याची दोरी मानेवर हलत होती तेवढीच.

माझ्याकडे तयार वाक्यं होती. स्पर्धेचं युग वगैरे. त्यातलं एकही आलं नाही. कोपर धरून ताणलेला हर्षालीचा तो हात मात्र डोळ्यांसमोर आला.

"नाही," मी म्हटलं. "हर्षाली तिथेच आहे. चौथीतही तिथेच."

"नक्की?"

"नक्की." माझा आवाज उगाच चढला होता. वरच्या मजल्यावर दिनेशने नक्की ऐकलं असेल. "इंग्रजी मी घरी बघेन."

"तुम्ही?" राखी म्हणाली. मैत्रीण म्हणून तिने एवढ्यावरच थांबवलं.

बाईंनी गाडी अमितच्या हातात दिली. "घे बाबा, तुझीच आहे. जूनमध्ये शाळेत घेऊन ये, तिथे शर्यत लावू." पाणी पिऊन त्या उठल्या. राखी म्हणाली, "बघते. ह्यांना विचारते."

दार लागलं. बाई काही बोलतील म्हणून मी थांबले. शाबासकी, टोमणा, काहीतरी. त्यांनी जिन्याच्या कठड्याला टेकून बूट काढला, आतला खडा झटकला आणि पुन्हा घातला. मग समोरच्या दाराकडे हात केला.

"इथे कोण राहतं?"

"नवीन आलेत. ओळख नाही."

"मग तुम्ही बोला."

"मी काय बोलू?"

"पाणी मागा," बाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

मी बेल दाबली. आतून कोणीतरी धावत आलं. कडीपर्यंत हात पोचेना म्हणून ते दारावर उड्या मारत होतं, आणि आईला हाक मारत होतं. दार थोडं उघडलं. फटीत दोन दात नसलेलं एक तोंड दिसलं.

"काय रे," मी खाली बसत म्हटलं, "किती वर्षांचा आहेस तू?"